थांबलीच कशाला?

आमच्या घरात कुणी आधी जायचं हे ठरलेलं होतं, आणि त्यासाठी कुठं पाटी लावायची वेळ आली नव्हती. आंघोळीचं पहिलं पाणी तात्यांचं. पहिली भाकरी तात्यांची, मग आण्णांची, मग सागरदादाची, मग माझी, आणि तवा उतरला की आईची आणि काकूची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, आण्णा म्हणजे माझे वडील, काकू तात्यांची बायको, सागरदादा त्यांचा मुलगा. मळ्यातल्या बांधावर समोरून तात्या आले की आई डोक्यावरच्या भाऱ्यासकट बाजूला उतरायची. पाय चिखलात जायचा, पण उतरायची. हे कुणी शिकवलं, कुठल्या पुस्तकात लिहिलंय, मोडलं तर शिक्षा काय, असलं काही विचारू नका. एकदा मोडून बघा म्हणजे कळेल. ज्या माणसांना इतका बारीक नियम पिढ्यान्‌पिढ्या न चुकता पाळता येतो, त्यांना फाट्यावरची एक लाल पाटी समजत नाही, यावर माझा तेव्हा विश्वास बसला नाही आणि आजही बसत नाही. समजते. पाळायची नसते.

आत्मकथन लिहिण्याइतकं तुझं झालंय काय, असं मला आमच्या चळवळीतलेच लोक विचारतात. तिशी ओलांडलीय, तेवढं पुरे. एरवी मी पत्रकं लिहिते. एका कागदावर, पाठपोट, वाचणारा एस.टी.ची वाट बघत उभा आहे असं धरून. पत्रकात वळणं घ्यायला जागा नसते. इथं आहे, म्हणून सावकाश सांगते. मवाळ सांगेन असं मात्र समजू नका.

आमची वस्ती कळसच्या शिवारात, गावापासून बाजूला. वर पत्रा, पुढं ओसरी, ओसरीला लागून गोठा, आणि गोठ्याच्या कडेला चिंचेखाली आमची पिकअप. रानात ढोबळी मिरची, वांगी, आणि मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. घराचा आवाज म्हणाल तर क्रेटचा. प्लॅस्टिकचे रिकामे क्रेट एकात एक आपटले की जो खडखडाट होतो, त्यानं मी लहानपणी जागी झालेय. कोंबडा आमच्याकडं नंतर आरवायचा. बाजाराच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत माल भरला जाई. आई आदल्या दिवशीची बाजरीची भाकरी चुरून त्यावर ताक ओतायची, वर लसणाची चटणी, आणि ते सगळं उभ्यानंच खायची. काकू म्हणायची, "बस की गं जरा." आई म्हणायची, "बसले की झोप येती." वाटेसाठी फडक्यात भाकरी आणि झुणक्याच्या वड्या बांधलेल्या असत. झुणक्याला आई कोथिंबिरीची देठं घालायची. पानं बाजाराला, देठं आम्हाला.

गाडी आण्णा चालवत होते. मग त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि बारामतीच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगपुढं बसायला कायमची बंदी केली. सागरदादा तेव्हा पोलीस भरतीच्या तयारीला पुण्यात होता. गाडी चिंचेखाली उभी राहिली. तिच्या टपावर चिंचेचा पाला साठला, आणि आमचा माल दुसऱ्याच्या टेम्पोनं, त्याच्या सवडीनं जाऊ लागला. उन्हं चढल्यावर पोचलेल्या मेथीला कोण विचारतं? एक दिवस आईनं टपावरचा पाला झाडला आणि आण्णांना म्हणाली, "मी शिकते." आण्णांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाले, "क्लच जड हाय तिचा." आमच्या घरात होकार असाच येतो.

बारामतीच्या ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आई गेली, तिथले मास्तर मोठे बोलके होते. आई घरी येऊन त्यांची नक्कल करायची. "वहिनी, लाल पाटी दिसली की पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडं चाक पूर्ण उभं करायचं. हळू न्हाय, उभं. उजवीकडं बघा, डावीकडं बघा, परत उजवीकडं बघा. मोठ्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असले तर उजव्या हाताच्याला आधी. आणि आपण मागं असलो तर पुढचा कवाबी उभा राहील असं धरून अंतर ठेवायचं." एवढं सांगून झालं की मास्तर खिडकीतून थुंकायचे आणि पुढं म्हणायचे, "ह्ये झालं परीक्षेचं. रस्त्यावर हॉर्न दाबायचा आणि काढायची." आईनं पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा त्यांना परत केला. घरी ती सराव करायची. गोठ्यातून दुधाची बादली घेऊन निघाली की दारात थांबायची, उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं बघायची, आणि मगच अंगणात उतरायची. काकू हसून हसून पदर तोंडात धरायची. "अगं शालन, म्हशीच येणार हायेत हितनं!" आई म्हणायची, "म्हस तरी कुठं थांबती?"

आई काही गुणी ड्रायव्हर नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये फार वेळ राहायची, चढाला गाडीशी भांडायची, मागे घेताना एकदा काकूचं तुळशीचं कुंडं पाडलं होतं. पण माल वेळेवर पोचू लागला. बारामतीच्या मार्केटात लिलावाच्या वेळी आमचे क्रेट पहिल्या रांगेत दिसू लागले. आणि आईच्या चालण्यात फरक पडला. आधी ती बाजारातून परतली की आत जाऊन आडवी व्हायची, आता परतली की चावी खिळ्याला अडकवून ओसरीवर दोन पाय पसरून बसायची आणि मला म्हणायची, "सुरे, पाणी आण." घरात तिनं कुणाला पाणी मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

तात्यांना हे रुचलं नाही. पण तात्या आईशी बोलत नसत. भांडण नव्हतं, थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनंही नाही, अशी आमच्याकडची रीत. मग मधे एक माणूस लागतो, आणि बोलायला लागल्यापासून तो माणूस मी होते. आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची आणि तात्या म्हणायचे, "सुरे, तुझ्या आईला सांग, वस्तीतनं गाडी जरा हळू न्यावी." आई म्हणायची, "सुरे, त्यांस्नी सांग, हळूच नेते." दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं असायचं. तरी मी दोन्ही वाक्यं पोचवायची, नाहीतर ती बोलली गेली असं धरलं जात नसे.

आता फाटा. आमच्या वस्तीचा रस्ता पुढं बारामतीच्या मोठ्या रस्त्याला मिळतो. मिळतो तिथं डाव्या कडेला खांबावर ती आठ कोनांची लाल पाटी. उजव्या अंगाला ऊस अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत लावलेला, त्यामुळं पट्ट्यापर्यंत जाऊन उभं राहिल्याशिवाय उजवीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. ऊस कुणाचा ते लिहीत नाही. ज्याचा आहे तो हे वाचेल. बारामतीला जायला आम्हाला उजवीकडं वळायचं, म्हणजे मोठा रस्ता ओलांडूनच पलीकडची बाजू धरायची. अशा जागी थांबायला पाटी तरी कशाला हवी? पण फाट्याचा कायदा वेगळा होता. लांब हॉर्न देईल त्यानं निघायचं. दोघांनी दिला तर ज्याची गाडी मोठी त्यानं. दोन्ही मोठ्या असल्या तर ज्याच्या काचेवर कुणाचा तरी फोटो आहे त्यानं. आणि यातनं धडक झालीच तर सगळं उलटं: मग चूक मोठ्या गाडीची. धडक होईपर्यंत मान मोठ्याचा, झाली की गुन्हा मोठ्याचा, आणि कुणाचा हक्क होता हे आधी नाही की नंतर नाही, कुणीच विचारायचं नाही. यालाही एक पोटनियम होता. दोन्हींपैकी एका गाडीत बाई असली तर चूक तिची. तो पोटनियम मला त्या दिवशी कळला.

मला कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी आईशेजारी बसले होते. मागं ढोबळीचे क्रेट, वर मेथीच्या जुड्या ओल्या पोत्याखाली. फाट्याला आलो. आईनं पट्ट्यापाशी गाडी उभी केली, पुढं वाकली, उसापल्याड बघायला मान लांब केली. तेवढ्यात मागनं दणका बसला. माझं कपाळ पुढच्या काचेखाली आपटलं. गाडी पट्टा ओलांडून पुढं सरकली, आईनं ब्रेकवर दोन्ही पाय देऊन ती धरली, आणि आमच्या नाकासमोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर खडाडत गेला. इतक्या जवळून की ट्रॉलीतनं लोंबणारं उसाच्या शेंड्यांचं वाढं आमच्या बॉनेटवर घासत गेलं. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. त्याला दोष देत नाही मी. तो मोठ्या रस्त्यावर होता, आधी जायचा हक्क त्याचाच होता. आई पुटपुटली, "गेला." तिचे पाय ब्रेकवरनं निघेनात. मी हातानं तिचा गुडघा उचलला.

मागच्या पांढऱ्या गाडीतून धनूशेठ उतरले. खताचं दुकान, गावात दोन पतपेढ्यांवर संचालक, दिसेल त्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत. त्यांनी आधी आपला बंपर बघितला, मग आमच्याकडं आले. आई ठीक आहे का, पोरीला लागलं का, काही नाही. पहिलं वाक्य हे: "वहिनी, थांबलीच कशाला?"

हे वाक्य मी पुढं इतक्या तोंडांतून ऐकलं की झोपेत ऐकू यायचं. फाट्यावर गर्दी जमायला वेळ लागत नाही. दुधवाला, टपरीवाला, कॉलेजची पोरं. एकजण काचेतून डोकावून मागं ओरडला, "लेडीज हाय!" आणि सगळ्यांच्या तोंडावर उलगडा झाल्याची कळा आली. "मोकळा रस्ता सोडून मधीच उभी ऱ्हायली." "भ्याली असंल." "अगं बाई, हॉर्न दे न् काढ की." मी ओरडले की ट्रॅक्टर होता, पाटी आहे, पट्टा आहे. दुधवाला मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "पाटी हाय गं, पण थांबतंय कोण?" रस्त्यावर सांडलेल्या मेथीच्या दोन जुड्या त्यानं कॅनवर ठेवल्या आणि गेला. माझ्या कपाळावर टेंगूळ येत होतं आणि माणसं माझ्या आईला थांबल्याबद्दल माफ करत होती.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. आमच्याकडं पोलीस चौकी शेवटी असते, आधी चहा असतो. तात्या खुर्चीवर, धनूशेठ दुसऱ्या खुर्चीवर, आण्णा पाठीला पट्टा बांधून बाजेच्या कडेला, आणि आई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, पदर कपाळावर ओढून. मी मधे. धनूशेठ तोवर सौम्य झाले होते. "आपली माणसं हाईत, मला काय नको. वहिनींनी एवढंच म्हणावं का चुकून बिरेक दाबला गेला. इषय संपला."

तात्या म्हणाले, "सुरे, तुझ्या आईला इचार, थांबली कशाला?"

मी आईकडं वळले. आई म्हणाली, "सांग त्यांस्नी, पाटी हाय म्हणून."

"पाटी हाय म्हणून," मी सांगितलं.

"मला तर कसली पाटी दिसली न्हाय बा," धनूशेठ म्हणाले. "देवाशप्पत. रोज जातोय त्या रस्त्यानं."

दाराशी आईचा आवाज आला, खालच्या पट्टीत, "सुरे, त्यांस्नी सांग, दिसंल कशी? पाटीवर त्यांचंच तोंड हाय."

खरंच होतं. धनूशेठच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्या खांबाला बांधलेला, लाल पाटी पुरती झाकून. गळ्यात सोन्याची साखळी, एक हात वर, खाली शुभेच्छुकांच्या लहान लहान मुंड्या. मी ते वाक्य निरोप्याच्या गांभीर्यानं शब्दशः पोचवलं. आण्णांना हसू आवरेना आणि हसलं की पाठ दुखे, म्हणून ते बाज धरून विव्हळत हसले. धनूशेठही हसले, कारण फ्लेक्सची आठवण झालेली त्यांना आवडली असावी. पण लगेच त्यांनी वकिली मुद्दा काढला. "मग पाटी झाकलेली हुती तर तुमी थांबला कशा?"

"सांग त्यांस्नी," आई म्हणाली, "पाटी झाकली म्हणून रस्ता सरळ हुत न्हाय."

पत्रकं लिहायला लागून मला इतकी वर्षं झाली, इतक्या सभा केल्या. यापेक्षा बरं वाक्य मला सुचलेलं नाही. आणि ओसरीवरच्या कुणावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही, हेही लिहून ठेवते. शहाणं बोललं की माणसं ऐकतात असं सांगणाऱ्यांनी आमच्या ओसरीवर येऊन बसावं. तात्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली, उठले, आणि खिळ्यावरची चावी काढून खिशात टाकली. "सागर आलाय परत. उद्यापास्नं गाडी त्यो नेईल. बाईमाणसाला न्हाय जमत, जमंना तर जमंना. त्यात काय?" भरतीत धावण्यात मागं पडून सागरदादा नुकताच घरी आला होता, तो खांबाला टेकून मोबाईल बघत होता.

तेव्हा आई चौकटीतून पुढं आली. पदर तसाच कपाळावर होता. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती म्हणाली, "भाऊजी, पोरगी माझ्या शेजारी बसली हुती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लग्न होऊन आल्यापासून आई तात्यांशी पहिल्यांदा बोलली होती. आत काकूच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं आणि घरभर घरंगळत राहिलं. "मी थांबले न्हसते तर माझ्यासंगं तीबी ट्रॅक्टरखाली गेली असती. धनूशेठ म्हणत्यात, चुकून थांबले म्हण. चुकून थांबले असं मी म्हणायची न्हाय."

सगळे तात्यांकडं बघू लागले. तात्यांचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडं त्यांनी एकदा पाहिलं. पण माणसाचा चेहरा उतरतो आणि रीत जागच्या जागी राहते. ते चपला घालत मला म्हणाले, "सुरे, तुझ्या आईला सांग, उद्या सागर नेईल." मी तो निरोप पोचवला नाही. पहिल्यांदाच.

मग मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. वर मोठ्या अक्षरात 'थांबणं हा गुन्हा आहे काय?' खाली मास्तरांचे सगळे नियम, त्याखाली फाट्याचा कायदा, आणि शेवटी फ्लेक्सवाल्यांना चार शब्द. बारामतीत कॉलेजसमोर झेरॉक्स काढून फाट्यावर उभी राहून वाटलं. माणसं चांगली वागली. "अक्षर ब्येस हाय," "कुणाची गं तू?" असं म्हणाली. टपरीवाल्यानं उरलेला गठ्ठा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधून देत होता. एकजण भजी खाता खाता माझा तिसरा मुद्दा वाचत, हॉर्न दाबून, न थांबता मोठ्या रस्त्याला लागला. मला त्याच्या मागं धावून कागद हिसकावून घ्यावासा वाटला. आजही पत्रक लिहायला बसले की तो तेलाचा डाग मला आधी दिसतो.

आईनं काही लिहिलं नाही. तिनं दुसरं केलं. लिलावाला तीच उभी राहायची, त्यामुळं गाडीत सागरदादाशेजारी ती बसायचीच. पहिल्या दिवशी फाटा दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "सागर, मला हितं उतरव." मी पाटीमागच्या पारावर एस.टी.ची वाट बघत होते, पुढचं सगळं डोळ्यांनी बघितलं, गाडीतलं बोलणं मागाहून आईकडून ऐकलं.

"का वं काकू? काय राह्यलं का घरी?"

"न्हाय. न थांबणाऱ्या गाडीत बसून मी फाटा वलांडायची न्हाय. मी चालत जाते. पलीकडं घे मला."

आता उतरवायचं तर गाडी उभी करावी लागते. सागरदादानं गाडी उभी केली, बरोबर पट्ट्यापाशी. आई खाली उतरली. पदर खोचला. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, परत उजवीकडं. मोठा रस्ता ओलांडून पलीकडं गेली, आणि तिथनं, उसाच्या आड काय येतंय ते बघून, सागरदादाला हात केला: ये आता. पिकअप वळून पलीकडं गेली, आई पुन्हा चढून बसली.

सागरदादाला वाटलं असेल की एक दिवसाचा राग आहे. पण आई प्रत्येक बाजाराला उतरली. थंडीत उतरली, पायाला कुरूप झालं होतं तेव्हा लंगडत उतरली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या, आणि आई त्यांच्याकडं न बघता आपला रस्ता बघायची. टपरीवरची पोरं सागरदादाला विचारू लागली, "काय फौजदार, चुलतीला उतरवायची ड्युटी लागली व्हय?" एकानं तर शिट्टीच आणून दिली. सागरदादा चिडायचा, पण चुलतीला रस्त्यात सोडून पुढं जाणं त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं. ज्या रितीनं आईची चावी काढून घेतली त्याच रितीनं त्याला फाट्यावर थांबवून ठेवलं. ते बघून मला जेवढा आनंद झाला तेवढाच संताप आला. एका बाईला साधा पाटीचा नियम पाळायला रोज गाडीतून उतरून रस्त्यावर उभं राहावं लागतं, आणि गावाला ती करमणूक वाटते!

शेवटी एका सकाळी, क्रेट भरून झाल्यावर, सागरदादा स्वयंपाकघरात आला आणि चावी आईच्या पुढ्यातल्या परातीत टाकली, पिठातच. "काकू, ह्ये तुमचं तुमी बघा. मी गाडीत बसतो, उतरतो, क्रेट उचलतो, काय म्हणाल ते करतो. पर फाट्यावर माझं हसं नगा करू." आईनं चावीला लागलेलं पीठ पदरानं पुसलं. ओसरीवर तात्या दात घासत होते. ते बाहेरूनच म्हणाले, "सुरे, तुझ्या आईला सांग, डिझेल बघून निघावं. काटा नीट दाखवत न्हाय."

मी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं, "बघते, भाऊजी."

तात्यांनी चूळ भरली. बाकी काही झालं नाही. त्यानंतर घरात दोघं थेट बोलू लागली. फार नाही, पण पाऊस, पाणी, गाडी एवढं. माझी मधल्या माणसाची नोकरी गेली ती त्या सकाळी.

आई अजून गाडी चालवते. मी सुट्टीला गेले की शेजारी बसते. फ्लेक्स आता दुसऱ्या कुणाचा असतो. आम्ही काढतो, ते बांधतात. गेल्या खेपेला आम्ही पट्ट्यापाशी उभ्या होतो आणि मागं हॉर्न वाजला नाही. आरशात बघितलं तर धनूशेठची गाडी, चांगली दोन गाड्यांचं अंतर सोडून, गप उभी. आईनंही बघितलं.

"थांबला की गं," ती म्हणाली.

आपण वळलो की तो काय करतो ते बघू, असं मी तिला म्हटलं आणि मान मागं वळवून बसले. आई मोठ्या रस्त्याला लागली. तिच्या मागोमाग धनूशेठनं लांब हॉर्न दिला आणि पाटीपाशी चाक जरासुद्धा उभं न करता, उसाच्या आडून, आंधळ्यासारखी गाडी बाहेर काढली. तो पाटीपाशी थांबत नव्हता. तो शालन वहिनींच्या मागं थांबत होता. एवढ्या वर्षांत त्याला आमची गाडी कळली, रस्ता कळला नाही.

"बघितलंस?" मी ओरडले. "बघितलंस आई?"

"बघितलं," आई म्हणाली, आणि दुसऱ्या गिअरमध्येच राहिली. "परतताना टपरीवर जरा उभी करते. तुझे ते पत्रकाचे कागद उरल्यात का बघू, धनूशेठलाबी एक देऊ."